गणितानंद कापरेकर : घरी बसून शिकणाऱ्यांचे गुरुजी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घाटंजीत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : आता पुढे काय? ज्यांना शक्य असते ते मुलांना यवतमाळला, नागपूरला किंवा पुण्याला पाठवतात. ज्यांचे सगळे वर्ष कापसाच्या आणि तुरीच्या भावावर अवलंबून असते, त्यांना क्लासची फी आणि खोलीचे भाडे एकदम काढणे सोपे नसते. अशा घरांतली काही मुलेमुली हल्ली स्वतःच संगणकाचे प्रोग्रामिंग शिकायचा प्रयत्न करतात. हातात मोबाईल असतो, कोणाकडे जुना लॅपटॉप असतो. सुरुवात उत्साहाने होते. पंधरा-वीस दिवसांनी मात्र कुठेतरी गाडी अडते, विचारायला जवळ कोणी नसते, आणि वही बंद होते. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, क्लास लावल्याशिवाय का कुठे काही येते? मुलालाही तेच खरे वाटू लागते. आपल्यात काही कमी आहे असे त्याच्या मनात बसते, आणि हे नुकसान फीच्या पैशांपेक्षा मोठे असते.

अशा मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी या रविवारी एका शाळामास्तरांचे चरित्र सांगावेसे वाटते. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आज जगभर प्रोग्रामिंग शिकणारी मुले सरावासाठी जी छोटी कोडी सोडवतात, त्यांत आपल्या या मराठी गुरुजींच्या नावाचे कोडे हमखास असते. गंमत अशी, की गुरुजींनी ते कोडे शोधले तेव्हा आपल्या देशात एकही संगणक आलेला नव्हता.

डहाणू ते पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी मुलाला वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वेगळा प्रश्न, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड करावी लागते. ती आकडेमोड बघता बघता मुलाला आकड्यांची गोडी लागली. वडिलांनी त्याला मुद्दाम गणितज्ञ करायचे ठरवले होते असे नाही. घरात रोज जे चालते ते मूल उचलते, एवढेच.

ठाण्याच्या माध्यमिक शाळेत असताना तो तासन्‌तास अंकांची कोडी सोडवत बसे. १९२३ साली त्याने पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश घेतला. १९२७ साली त्याला रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या गणिती कामासाठी ते दिले जाई. परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळणे हा त्या काळी मोठा मान होता. १९२९ साली कापरेकर बी.एस्‌सी. झाले.

त्यापुढे त्यांनी गणिताचे औपचारिक शिक्षण घेतले नाही. एम.ए. नाही, डॉक्टरेट नाही, परदेशवारी नाही. नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, ते तिथेच शिकवत राहिले.

देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. तिथे विद्यापीठ नव्हते, मोठे ग्रंथालय नव्हते, गणितावर बोलायला बरोबरीचे कोणी नव्हते. दिवसभर शाळेत शिकवायचे, वह्या तपासायच्या आणि उरलेल्या वेळात आपले आकडे घेऊन बसायचे, असा त्यांचा क्रम होता. अभ्यासक्रम त्यांनीच ठरवला होता, परीक्षाही तेच घेत होते, आणि त्यांना घाई नव्हती. लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले. नाव अगदी योग्य होते, कारण गणितातून पैसा किंवा हुद्दा मिळाला नाही तरी आनंद मात्र त्यांना भरपूर मिळाला.

६१७४ चा शोध

आता त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध पाहू. चौथी-पाचवीत वजाबाकी शिकलेल्या मुलालाही तो कळेल. घरी कागद-पेन्सिल घेऊन जरूर करून बघा.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा : ५४३२. मग लहानाकडून मोठ्याकडे लावा : २३४५. मोठीतून लहान वजा करा. उत्तर येते ३०८७. आता या उत्तरावर तीच क्रिया करा. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा तेच. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणखी एकदा करून बघा. ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४. आता ही संख्या हलायला तयार नाही.

तुम्ही दुसरी कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ६१७४ वर येऊन थांबते. तीन अंकी संख्या घेतली तर असेच ४९५ येते. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ साली स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकेतून निघणाऱ्या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. आज जग या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणते. भारतातला पहिला संगणक कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत बसला तोही १९५० च्या दशकाच्या मध्यात. म्हणजे गुरुजींचा शोध कागदावरचा होता.

आणखीही पुष्कळ गमती त्यांनी शोधल्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ यांची बेरीज २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी संख्या, असे नाव दिले. नुकतीच होऊन गेलेली २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ ही चार वर्षे सलग हर्षद होती. २०२२ ला ६ ने, २०२३ ला ७ ने, २०२४ ला ८ ने आणि २०२५ ला ९ ने भाग जातो. २०२६ च्या अंकांची बेरीज १०, आणि भाग जात नाही.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावरील डेम्लो स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली. १२१, १२३२१, १२३४३२१ असे चढत जाऊन उतरणारे आकडे कसे तयार होतात? ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले : डेम्लो संख्या. स्थानकावर आपणही कितीतरी वेळ नुसता घालवतो. त्यांनी तो वेळही अभ्यासाला लावला.

हसणारे आणि ऐकणारे

अशा माणसाला देशाने डोक्यावर घेतले असेल असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही. देशातले कित्येक गणितज्ञ त्यांच्या कामाला हसत. हे मुलांचे खेळ आहेत, यात खोल गणित नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काही लेख लहानसहान नियतकालिकांत छापून आले. बाकीच्यांच्या पुस्तिका गुरुजींनी स्वतःच देवळालीत छापल्या, त्याही मास्तराच्या पगारातून. परिषदांना ते आपल्या खर्चाने जात आणि आपले आकडे मांडत.

हसणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही म्हणता येणार नाही. कापरेकरांच्या शोधांमुळे गणिताची एखादी नवी शाखा उभी राहिली नाही. पण एखादी गोष्ट खरी असणे आणि ती महत्त्वाची ठरणे यांत फरक आहे. ६१७४ ची गोष्ट खरी होती, कोणालाही तपासून पाहता येत होती, आणि ती याआधी कोणाला दिसलेली नव्हती. गुरुजी तेवढ्यावर समाधानी होते. महत्त्व ठरवणे त्यांनी इतरांवर सोडले. शाळा-कॉलेजांतून त्यांना व्याख्यानाला बोलावत, आणि तिथे मुले मात्र त्यांचे आकडे खुर्चीच्या टोकाला बसून ऐकत.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अगदी साधेपणाने राहूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून या वयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकडे मात्र सुटले नाहीत. मग मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले. हे सदर जगभर वाचले जाई. ज्यांना घरी हसले गेले त्यांचे नाव एकदम परदेशातल्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. तेव्हा गुरुजी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर घराघरांत संगणक आले, आणि देवळालीच्या वहीतले ते कोडे जगातल्या नवशिक्यांचे पाठ्यपुस्तक बनले.

कोड्यातून प्रोग्रामिंग

आता आपल्या घाटंजीच्या मुलांकडे येऊ. प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाला एकेक पायरी इतकी स्पष्ट सांगणे की त्याला अंदाज करावा लागू नये. कापरेकरांची क्रिया नेमकी तशीच आहे. ती अशी लिहिता येईल :

१. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे असतील तर दुसरी घ्या.
२. अंक उतरत्या क्रमाने लावून पहिली संख्या करा.
३. तेच अंक चढत्या क्रमाने लावून दुसरी संख्या करा.
४. पहिलीतून दुसरी वजा करा.
५. उत्तर ६१७४ आले तर थांबा. नाही तर ते उत्तर घेऊन पायरी २ वर परत जा.

या पाच ओळींत प्रोग्रामिंगचे सारे मूळ धडे आले. माहिती आत घेणे, ती मांडून ठेवणे, क्रम लावणे, गणित करणे, अट तपासणे आणि तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे, ज्याला लूप म्हणतात. हे पायथनमध्ये लिहायला पंधरा-वीस ओळीही लागत नाहीत.

पण खरी शिकवण पुढे आहे. समजा, तुम्ही ११२१ ही संख्या दिली. २१११ वजा १११२ बरोबर ०९९९. संगणक पुढचे शून्य टाकून देतो आणि नुसते ९९९ ठेवतो. मग पुढच्या पायरीत ९९९ वजा ९९९ बरोबर शून्य, आणि प्रोग्राम भलतीकडे जातो. शून्य जपले तर ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि शेवटी ६१७४. ज्याने आधी कागदावर हाताने केले आहे त्याला ही चूक पाच मिनिटांत सापडते. ज्याने कोणाचा तरी तयार कोड उतरवला आहे तो दोन दिवस डोके धरून बसतो.

दुसरे उदाहरण घ्या. हीच क्रिया दोन अंकी संख्येवर करा. ३१ घेतले तर १८, ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३. येथे एका संख्येवर थांबणे नाहीच, नुसते गोल फिरणे आहे. एका संख्येवर स्थिर होईपर्यंत चाल, असे संगणकाला सांगितले तर तो थांबणारच नाही. यंत्राला काम कसे करायचे ते सांगावे लागते, तसे कधी थांबायचे तेही सांगावे लागते. पाच अंकी संख्यांनाही असा सर्वांना सामावणारा एक आकडा नाही. का नाही, हे शोधणे हा चांगला अभ्यास आहे.

यंत्र आणि माणूस

आजकाल मुले म्हणतात, कोड तर मोबाईलवरचा सहायक क्षणात लिहून देतो, मग आम्ही शिकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गुरुजींच्या कोड्यातच सापडते.

चारही अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या तर ०००१ पासून ९९९८ पर्यंत एकूण ९,९९० संख्या तपासायच्या आहेत. संगणक त्या डोळ्याची पापणी लवायच्या आत तपासतो. तर्कशास्त्रात शिकवतात की दहा उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही. येथे मात्र सर्वच्या सर्व उदाहरणे तपासली जातात, म्हणून नियम सिद्ध झाला. तरीही तो खरा का आहे हे कळले नाही.

आता कागदावर बघा. अंक उतरत्या क्रमाने लावले की दोनच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : पहिल्या आणि शेवटच्या अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, बेरीज करा. वजाबाकीचे उत्तर तेच येते. ३५२४ मध्ये हे फरक ३ आणि १. ९९९ त्रिक २९९७, अधिक ९०, बरोबर ३०८७. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतकाच असू शकतो. मोजले तर अशा जोड्या फक्त ५४ भरतात. म्हणजे ९,९९० संख्यांचे काम ५४ वर आले, आणि ते एका दुपारी पेन्सिलीने पुरे होते. यंत्राने वेग दिला, विचाराने काम कमी केले. ज्याला हा विचार करता येतो तो यंत्राने लिहिलेला कोड बरोबर आहे की नाही हे सांगू शकतो. ज्याला येत नाही त्याला यंत्र देईल ते मुकाट्याने मान्य करावे लागते. शिकायचे ते यासाठी.

एकट्याने, पण एकाकी नव्हे

कापरेकरांसारखाच आणखी एक स्वयंशिक्षित माणूस प्रत्येक संगणकात लपलेला आहे. जॉर्ज बूल यांचा जन्म १८१५ साली इंग्लंडमधील लिंकन येथे एका चांभाराच्या घरी झाला. विद्यापीठात जायला पैसे नव्हते. ग्रीक भाषा आणि वरचे गणित ते स्वतःच शिकले. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि घर चालवले. कोणतीही पदवी नसताना १८४९ साली त्यांना आयर्लंडमधील कॉर्क येथील कॉलेजात गणिताचे प्राध्यापक नेमले गेले. विचारांचे नियम बीजगणितात मांडणारा त्यांचा ग्रंथ १८५४ साली आला, आणि १८६४ साली ते वारले. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या तरुण अभियंत्याने दाखवून दिले की विजेच्या बटणांची जुळणी बूल यांच्या बीजगणितानेच चालते. आज आपण प्रोग्राममध्ये अट घालतो तेव्हा त्या चांभाराच्या मुलाचेच नियम वापरतो.

या दोघांकडे बघून कोणी म्हणेल, शाळा-कॉलेजची गरजच काय? तसा अर्थ काढू नये. कापरेकरांनी काही संख्यांना स्वयंभू असे नाव दिले होते. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. २३ मध्ये ५ मिळवले की २८, २८ मध्ये १० मिळवले की ३८. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून जन्मत नाही, म्हणून ती स्वयंभू. संख्या स्वयंभू असू शकतात, माणसे मात्र नसतात. कापरेकरांना आकड्यांची गोडी लावणारे वडील होते. ठाण्याची शाळा होती, फर्ग्युसन होते, त्यांच्या कामाला पारितोषिक देणारे परीक्षक होते. पुढे लेख तपासणारे संपादक होते, आणि दूर देशात त्यांच्याविषयी लिहिणारे गार्डनर होते. ते एकटे शिकत होते, पण शिकलेले लपवून ठेवत नव्हते. छापत होते, पाठवत होते, हसू होईल हे माहीत असूनही उभे राहून सांगत होते. स्वयंअध्ययनातला सर्वांत मोठा धोका म्हणजे आपली चूक आपल्यालाच न दिसणे. तो टाळायचा असेल तर आपले काम दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेले पाहिजे.

महिनाभराचा क्रम

ज्यांना प्रयत्न करायचा आहे त्यांच्यासाठी एक साधा क्रम सुचवतो. रोज एक तास, ठरलेल्या वेळी. वेळ पहाटेची असो वा जेवणानंतरची, पण ती बदलू नये. शेतीच्या हंगामात एक तास जमला नाही तर अर्धा तास करावा, मात्र वही उघडल्याशिवाय दिवस जाऊ देऊ नये.

पहिल्या आठवड्यात संगणकाला हात लावू नका. रोज पाच संख्या घेऊन कापरेकरांची क्रिया कागदावर करा आणि किती पायऱ्या लागल्या ते लिहून ठेवा. शेवटी ती क्रिया आपल्या मराठीत अशी लिहा की लहान भावंडाला नुसते वाचून करता यावी. त्याला देऊन बघा; तो जिथे अडेल तिथे तुमचे लिहिणे अपुरे आहे.

दुसऱ्या आठवड्यात पायथनची फक्त चार अंगे शिका : संख्या साठवणे, अट घालणे, लूप चालवणे आणि अंक वेगळे करणे. प्रत्येक दिवशी एकच. हर्षद संख्या ओळखणारा प्रोग्राम या आठवड्यात सहज जमतो. अंकांची बेरीज करायची आणि बाकी शून्य उरते का ते पाहायचे.

तिसऱ्या आठवड्यात ६१७४ चा प्रोग्राम लिहा. दुसऱ्याचा बघू नका. सहायकाला विचारायचेच असेल तर उत्तर विचारू नका, अडलेली एक ओळ विचारा, आणि समजल्यावर ती पुसून स्वतः पुन्हा लिहा.

चौथ्या आठवड्यात आपलाच प्रोग्राम मोडून बघा. त्याला ११२१ द्या, ५५५५ द्या, दोन अंकी संख्या द्या. कुठे चुकतो ते तारखेसह वहीत लिहा. मग सर्व संख्या तपासायला लावा आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठे लागतात का ते पाहा. कुठेही लागल्या तर समजा की चूक तुमच्या प्रोग्राममध्ये आहे.

महिन्याच्या शेवटी कोणी नोकरी देणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण एक गोष्ट तुम्ही मुळापासून शिकलेले असाल, आणि पुढची कशी शिकायची हे तुम्हाला माहीत असेल. क्लास पुढे लावता आला तर जरूर लावावा. अशी सवय असलेल्या मुलाला क्लासचाही दुप्पट उपयोग होतो.

आईवडिलांना एक विनंती. मूल आकड्यांशी किंवा कोडशी खेळत बसलेले दिसले की लगेच त्याचा उपयोग काय असे विचारू नका. जमले तर त्याच्या वहीत डोकावून आज काय केले एवढे विचारा. कळले नाही तरी चालेल. कापरेकरांच्या वडिलांनीही मुलाला फार काही शिकवले नव्हते, फक्त घरात आकडे वावरत ठेवले होते. आणि तरुणांनो, रविवारी मिस्सेनंतर तुम्ही अंगणात एकमेकांना भेटताच. तिघाचौघांनी आपापल्या वह्या बरोबर आणल्या आणि दहा मिनिटे अदलाबदल करून तपासल्या, तर देवळालीच्या गुरुजींना जे बरोबरीचे सोबती लाभले नाहीत ते तुम्हाला घाटंजीत लाभतील.